दोन ठिपके

२ एप्रिल, सोमवार

पोचले एकदाची! बस दोनदा बंद पडली, शेजारच्या बाईंना घाटभर गाडी लागली, आणि टपावरून ट्रंक उतरवताना कंडक्टरने तिचा एक कोपरा चेपला. तरी मी आनंदात आहे. शेवटच्या वळणावर एकदम समुद्र दिसला आणि मी जागची उठून उभीच राहिले. खारू असती तर म्हणाली असती, आई, बस खाली, लोक बघतायत. आठ वर्षांची आहे, पण आमच्या दोघींत मोठी तीच. समोरचे दोन दात पुढे आणि हातात येईल ती पेन्सिल चावायची सवय, म्हणून खारू.

खोली बाजाराच्या रस्त्यावर, शिंप्याच्या दुकानावर आहे. लाकडी जिना, एक खिडकी, एक पलंग, एक टेबल. टेबलाचा एक पाय लंगडा निघाला. त्याखाली कागदाची घडी सारली आणि मगच चहा प्यायले. वाकडं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. नवरा वेगळा झाला तेव्हा त्याने हेच कारण दिलं होतं, की हिच्याबरोबर राहायचं म्हणजे रोज कुणीतरी आपल्याला पट्टी लावून बघतंय. असेल. पट्टी लावूनच आमच्या दोघींचं पोट चाललंय.

शिंपीणबाई बोलक्या आहेत. दोनच महिन्यांसाठी आलेय म्हटल्यावर म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात. लेकीला का नाही आणलं, तेही विचारलं. म्हटलं, तिची परीक्षा आहे, ताईकडे ठेवलीय, तीस तारखेला ताईच तिला घेऊन येणार आहे. खारूला सोडून झोपायची माझी ही पहिलीच वेळ. म्हणून ही वही. रोजचं लिहून ठेवायचं आणि ती आली की तिला वाचायला द्यायचं, असं आमचं ठरलंय.

४ एप्रिल, बुधवार

कचेरी बंदरासमोरच्या जुन्या दगडी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. उत्तरेकडे मोठाल्या खिडक्या, त्यामुळे उजेड अगदी मनासारखा. काचेची चार टेबलं आहेत आणि नकाशे काढणारी मी एकटी. बाकीची तीन कुणाची, असं विचारलं तर साहेब म्हणाले, जुन्या लोकांची. साहेब गोल आणि हसरे. विनोद सांगायच्या आधीच हसून घेतात. जुने नकाशे सांभाळणारे दप्तरी मात्र काटकुळे आणि मोजून बोलणारे. शब्दांवर जकात बसते की काय कोण जाणे.

या किनाऱ्याचा मोठा नकाशा दर तीस वर्षांनी नव्याने काढतात. चार आवृत्त्या झाल्यात, पाचवी माझ्या हातून व्हायची आहे. मोजणीवाल्यांनी नवी मापं आणून ठेवली आहेत. जुन्यावर नवं बसवून मी शाईत उतरवायचं.

इथली पद्धत मात्र मी कुठे पाहिली नव्हती. नकाशात एकूण एक घर दाखवतात, प्रत्येक घराच्या दारापर्यंत पायवाट काढतात, आणि घरात जितकी माणसं तितके ठिपके शेजारी देतात. दप्तरी म्हणाले, वादळानंतर किती जणांना शोधायचं ते कळायला नको का? पाहुणे धरायचे नाहीत, कायम राहणारेच धरायचे. ठिपक्यांचा पेन ठरलेला आहे. त्याने लहान-मोठा ठिपका पडतच नाही. साहेबांचा आणि हमालाचा सारखाच. हे मला फार आवडलं.

७ एप्रिल, शनिवार

चारही आवृत्त्या एकावर एक ठेवून दिवसभर बघत बसले. गोष्टीच्या पुस्तकात रमावं तशी रमले. मच्छीमारांची वस्ती तीनदा मागे सरकली आहे. खाडीच्या तोंडाशी मिठाची आगरं होती, तिथे नंतर दलदल झाली, मग गोदामं आली. एक गाव तर रस्ता वळवल्यामुळे सुकून गेलं. पहिल्या नकाशात त्याला दोनशे ठिपके आहेत, चौथ्यात सात.

आणि एक गंमत सापडली. गावाच्या पश्चिमेला डोंगराची सोंड समुद्रात घुसलीय, तिला इथे नुसतं टोक म्हणतात. पहिल्या आवृत्तीत टोकावर एक घर आहे आणि त्याला वाट नाही. एक ठिपका. दुसऱ्यात तशीच दोन घरं. तिसऱ्यात दोन घरं, आणि जरा पलीकडे कागद ब्लेडने खरवडलेला, बोटाला खडबडीत लागणारा. चौथ्यात तीन घरं. कुणालाच वाट नाही, प्रत्येकाला एकेक ठिपका.

मला वाटलं, आधीच्यांची चूक पकडली! फुशारून दप्तरींना दाखवायला गेले. ते म्हणाले, चूक नाही, पद्धत आहे. कुणी आपला नकाशा चोरून छापला तर कळावं म्हणून दर आवृत्तीत एक खोटं घर घालायचं. ओळखू यावं म्हणून त्याला वाट द्यायची नाही. कुठे घालायचं ते काढणाऱ्याच्या मर्जीवर, पण आजवर सगळ्यांनी टोकावरच घातलंय.

मी म्हटलं, पण नव्या मापांतही तिथे तीन घरं आहेत, मग ती खोटी कशी? दप्तरी म्हणाले, मोजणीवाल्यांना दिसली म्हणजे असतील. आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघून गेले.

८ एप्रिल, रविवार

फिरत फिरत टोकाच्या पायथ्याशी गेले. वर खरंच तीन घरं आहेत. लोकांनी पुढे कधीतरी बांधली असणार. वाट मात्र नाहीच. गुडघाभर गवत, कुठे मळलेलं नाही. एका खिडकीत एक म्हातारी बाई उभी होती. मला बघून तिने हात हलवला, बराच वेळ. मीही हलवला.

वरून समुद्र काय दिसत असेल! खारू इथे बागडली असती.

१३ एप्रिल, शुक्रवार

आज सगळं शाईत संपलं. मान मोडून आली, पण काम देखणं झालंय. माझं मीच म्हणते, दुसरं कोण म्हणणार.

शिंप्याच्या घराला दोन ठिपके दिले, नवरा आणि बायको. मी तिथेच राहते, पण दोन महिन्यांची पाहुणी, तेव्हा नियमाप्रमाणे मला धरलं नाही.

सगळ्यात शेवटी खोटं घर. साहेब म्हणाले, तुमची हौस, काढा तुम्हाला आवडेल तसं. मग मी आपलं मनातलं काढलं. टोकावर, त्या तीन घरांपासून थोडं बाजूला. पुढे ओसरी, डाव्या हाताला विहीर, मागे एकच झाड. घर पाहावं बांधून म्हणतात. आम्हाला बांधणं कुठलं परवडायला, काढून तरी पाहावं. वाट दिली नाही. आणि ठिपके दिले दोन. एक मी, एक खारू. हौसेला मोल नसतं. तिचा जरा छोटा काढावासा वाटला, पण तो पेन ऐकतो थोडाच.

दप्तरी भिंगातून नकाशा तपासत होते. टोकापाशी आले आणि थांबले. विचारलं, दोन? मी हसून म्हटलं, लेकीला एकटं कसं ठेवू. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, आजवर सगळ्यांनी एकच दिला होता. मी म्हटलं, मग खोडते. ते म्हणाले, शाई झाली, सही झाली, आता छापून येईल तेव्हा तपासणीच्या प्रतीवर काय ते करा. त्या प्रतीचाही नियम आहे: तिच्यावर ब्लेडने खरवडून काही काढता येतं, नवीन घालता येत नाही. घालायचं तर पुढची आवृत्ती.

म्हणजे तीस वर्षं! माझ्यापेक्षा काटेकोर माणसं असतात हे नवऱ्याला सांगायला हवं होतं.

ताईला पत्र टाकलं, तीस तारीख पक्की म्हणून.

१९ एप्रिल, गुरुवार

छापील प्रत आली. इतकी सुबक की टेबलावर पसरून नुसती बघत राहिले. तपासायला खोलीवर आणली आहे.

ठिपका काही मी खोडणार नाही. राहू दे दोघींना तिथे.

२१ एप्रिल, शनिवार

कचेरीच्या खिडकीतून टोक दिसतं. आज वर चार घरं दिसली.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, चारच आहेत की, आणि हसले. मी म्हटलं, आठ तारखेला तीन होती. म्हणाले, आठ तारखेला तुमची आवृत्ती कुठे निघाली होती? मला हा विनोद कळला नाही.

मोजणीवाल्यांची दुर्बीण लावून पाहिलं. ओसरी. डावीकडे विहीर. मागे झाड. ते झाड मी काढताना थोडं डावीकडे कललं होतं, हात अवघडला होता म्हणून. वरचं झाडही डावीकडे कललंय.

भीती वाटली, हे लिहून ठेवते. खारूला वाचायला देताना हे पान फाडून ठेवीन.

२३ एप्रिल, सोमवार

सकाळी मंडईतून येऊन जिना चढत होते तर शिंपीणबाईंनी विचारलं, कोण पाहिजे? मला वाटलं थट्टा करतायत. त्या म्हणाल्या, माप द्यायचं असेल तर खाली दुकानात द्या, वर आमचं कापड असतं. मी तशीच वर पळाले. खोलीत छतापर्यंत कापडाचे तागे. पलंग नाही, ट्रंक नाही. टेबल होतं. त्याचा एक पाय लंगडा होता आणि खाली घडी नव्हती.

कचेरीत गेले. साहेबांनी वर पाहिलंच नाही. दप्तरींनी पाहिलं. हळू आवाजात म्हणाले, बाई, शिंप्याच्या घराला ठिपके किती दिलेत? म्हटलं, दोन. तुमचा कुठे दिलात? मी खिडकीतून टोकाकडे पाहिलं. ते म्हणाले, ठिपका असेल तिथेच माणूस असतो. पद्धत आहे. मी पाडलेली नाही.

मी ओरडले, मग सांगितलं का नाही! ते म्हणाले, दर वेळी नव्या माणसाने विचारलं की मी सांगतो. आधी कुणी विचारत नाही.

सरळ बसस्टँड गाठला. कंडक्टरने रांगेतली माणसं मोजली, बोट माझ्यावरून पुढे गेलं, घंटी वाजली, बस सुटली. मग रस्त्याने नाकासमोर चालत निघाले. ऊन, डांबर, मैलाचे दगड. मग पायाखाली गवत लागलं. मान वर केली तर विहीर.

घरात माझी ट्रंक आहे, कोपरा चेपलेली. ही वहीही त्यातच होती.

२४ एप्रिल, मंगळवार

सकाळपासून सात वेळा उतरले. पूर्वेने, उत्तरेने, कड्याच्या बाजूने बसत-घसरत. प्रत्येक वेळी गवत संपतं आणि समोर विहीर येते. गाव इतकं जवळ आहे की शिंप्याचं धुणं वाळताना दिसतं.

हाका मारल्या. घसा बसला.

ताईला लिहिलं, तिला आणू नकोस, काहीही झालं तरी आणू नकोस. पण टाकणार कुठे?

२५ एप्रिल, बुधवार

तपासणीची प्रत ट्रंकेत आहे. नियम मोडला. या वहीच्याच पेनने दारापासून गावापर्यंत वाट काढली, चांगली ठळक. शाई वाळली आणि वाळता वाळता गेली. तीनदा काढली. कागद कोरा.

शेजारची म्हातारी खिडकीत येऊन बोलली. तिनेच त्या रविवारी हात हलवला होता. म्हणाली, नको, नको, असं सांगत होते ग पोरी, तू उलट मलाच हात केलास. चौथी आवृत्ती तिची. चाळिशीत आली होती, तीन महिन्यांच्या कामाला. पलीकडच्या दोन घरांत कोण आहे, विचारलं. म्हणाली, आहेत, पण आता बोलत नाहीत. त्यांची वर्षं मी मनात मोजली आणि पुढे विचारलं नाही.

तिसऱ्या आवृत्तीवाल्याने आपलं घरच खरवडून टाकलं होतं. त्याचं काय झालं? म्हातारीने गवताकडे बोट केलं. तिथे एक विहीर आहे, घर नसलेली. म्हणाली, मी आले तेव्हा एवढंच होतं.

मग माझ्या हातातल्या नकाशाकडे बघून तिने विचारलं, तू दोन कसे ग दिलेस? मी सांगितलं. तिने खिडकी लावून घेतली.

२७ एप्रिल, शुक्रवार

तीनच दिवस उरले. खारू येणार. तिचा ठिपका इथे आहे म्हणजे ती इथेच येणार, आणि मग तीस वर्षं, साठ वर्षं, या खिडकीत — माझ्या पोरीने काय केलं होतं? मी केलं. माझ्या हौसेने केलं. कुणी सांगितलं होतं मला मनातलं घर काढायला!

घर खरवडायचं नाही. पण ठिपका? ठिपका आजवर कुणी खरवडलेला नाही, कारण प्रत्येकाला एकच होता. मला दोन आहेत. ती अजून इथे आलेली नाही. येण्याआधीच काढला तर तिचं इथे काही राहणारच नाही.

ब्लेड आहे. पेन्सिलीला टोक करायचं.

२८ एप्रिल, शनिवार

ब्लेड तीनदा उचललं, तीनदा ठेवलं. घाईने करायचं काम नाही. उद्या.

२९ एप्रिल, रविवार

केलं. उजवीकडचा ठिपका खरवडला. श्वास रोखून, कण कण. फुंकर मारली. आता घराशेजारी एकच ठिपका आहे. कुणी इथे शोधायला आलंच तर एकीलाच शोधतील. चालेल.

ताई, तिला सांभाळ. सकाळी ती दूध नको म्हणेल, ऐकू नकोस.

आठवड्यात पहिल्यांदा पोटात अन्न गेलं. रडले आणि मग बरं वाटलं.

३० एप्रिल, सोमवार

इथून बसस्टँड दिसतो. बस आली. ताई उतरली, तिची हिरवी पिशवी. तिच्या मागे — कुणी नाही — नाही, आहे. पिवळा फ्रॉक.

येऊ दे. गावात येऊ दे. इथवर नाही येणार. ठिपका नाही तिचा.

ताई शिंप्याच्या दुकानात शिरली. पत्ता विचारत असेल. खारू बाहेर उभी आहे. वर बघते आहे, इकडे.

निघाली. एकटीच. ताई, मागे बघ ना — ताई —

गवतातून येते आहे. वाट असल्यासारखी, सरळ, उड्या मारत. मी ओरडते आहे. खिडकीतून, ओसरीवरून. म्हातारीही ओरडते आहे. खारू ऐकत नाही.

आत आली. मी दारातच उभी होते, दोन्ही हात पसरून. ती थांबली नाही. कुठून आली, माझ्या बाजूने की — मला काही लागलं नाही. काहीच लागलं नाही.

आई, अशी हाक मारली. ओ दिली. पुन्हा मारली. पुन्हा दिली. आई, लपलीस ना, म्हणाली. हसते आहे.

डावा माझा, उजवा तिचा, हे ठरवलं कुणी? मीच मनात. कागदावर कुठे होतं? दोन्ही सारखेच —

म्हातारी खिडकीतून खारूशी बोलते आहे. एकटीच आलीस का ग, विचारते आहे. माझ्याकडे बघत नाही.

टेबलाशी बसली. माझी पेन्सिल घेतली. वही दिसली तिला. तिचीच वही. वाच, खारू. पटकन वाच. नकाशावरचं काही खरवडू नकोस. म्हातारीला सांग, खाली ताईमावशी आहे, दोघी मिळून हाक मारा — शाई धरत नाही — वरची ओळ गेली — परत लिहिते — खारू, ही दिसते का, ही, बाळा, पेन्सिल चावू नकोस, इकडे बघ, मी इथेच तुझ्या शेजारी